तोंडातला पांढरा चट्टा : जीन टेस्ट कोणती आणि कशासाठी?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आहे, बायोप्सीत 'माइल्ड डिस्प्लेझिया' (म्हणजे पेशींत कॅन्सरच्या आधीचे सौम्य बदल) आलंय आणि कुणीतरी रक्ताची जीन टेस्ट सुचवलीय. ती करावी का आणि त्याच्या दोन्ही मुलांचीही करावी का, असं विचारलंय. डेंटल कॉलेजच्या ओरल पॅथॉलॉजी विभागात मी बावीस वर्षं अशाच स्लाइड वाचल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलांचं सांगते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. रक्ताची टेस्ट आई-वडिलांकडून आलेले दोष शोधते. तंबाखूमुळे उठलेल्या चट्ट्यातले दोष मात्र गालाच्या त्याच जागेवरच्या पेशींत, वर्षानुवर्षं तंबाखू धरून धरून झालेले असतात. ते मुलांमध्ये उतरत नाहीत. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार आहेत ज्यांत तोंडाचा कॅन्सर लवकर होतो, पण तुम्ही लिहिलंय त्यात तशी शंका घ्यावी असं काही नाही. मुलांची टेस्ट करू नका. भावाचीही रक्ताची नको.

खरी उपयोगाची जीन तपासणी असते ती चट्ट्यातून काढलेल्या तुकड्याची. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, एक प्रत आईची, एक बापाची. चट्ट्यातल्या पेशींत यातल्या एका प्रतीचा तुकडा गळून पडलाय का, हे तिथे बघतात. याला 'लॉस ऑफ हेटेरोझायगॉसिटी' म्हणतात. 9 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक असतं. तो भाग गेला की लगाम सैल होतो.

यावरचं मोठं काम कॅनडात व्हँकुव्हरला मिरियम रोझिन आणि लेवेई झांग यांच्या गटाने केलं. 2012 मध्ये त्यांनी माइल्ड आणि मॉडरेट डिस्प्लेझियाचे रुग्ण, म्हणजे तुमच्या भावासारखेच, घेऊन निकाल मांडले. 9 क्रमांकाची ती भुजा शाबूत असलेल्यांपैकी पाच वर्षांत 3.1 टक्के लोकांना कॅन्सर झाला. 9 सोबत 4 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांवरही नुकसान होतं, त्यांच्यात हाच आकडा 63.1 टक्के निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या स्लाइड जवळजवळ सारख्याच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. इतकी वर्षं 'माइल्ड' लिहून ज्यांना निश्चिंत मनाने घरी पाठवलं, त्यांचे चेहरे आठवत राहिले.

मग ही तुकड्याची टेस्ट करावी का? मोठ्या कॅन्सर केंद्रात सोय असेल आणि तिथले डॉक्टर निकालावरून पुढचा निर्णय बदलणार असतील, तर जरूर करा. पण धोका कळला म्हणजे औषध मिळालं असं नाही. असं नुकसान सापडलेल्या रुग्णांना एर्लोटिनिब नावाची गोळी देऊन पाहिली होती. 2016 मध्ये निकाल आला आणि कॅन्सर टळण्यात फरक पडला नाही. शिवाय व्हँकुव्हरचे ते रुग्ण आपल्यासारखे खर्रा-मावा गालात धरून बसणारे नव्हते, त्यामुळे तिथले टक्के जसेच्या तसे भावाला लावू नका.

माझ्या माहितीतले एक शेतकरी 'लो रिस्क' असा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून दोन वर्षं फिरकलेच नाहीत. तंबाखू चालूच होती. गालाचा चट्टा होता तसाच राहिला, गाठ आली जिभेच्या कडेला. ज्या तोंडाला एवढी वर्षं तंबाखू लागली, त्याचं सगळंच अस्तर पोळलेलं असतं. टेस्ट मात्र एका तुकड्याचीच झालेली असते.

म्हणून रक्ताच्या टेस्टसाठी बाजूला काढलेले पैसे आधी स्लाइड दुसऱ्या ओरल पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्यायला वापरा. डिस्प्लेझियाची पायरी ठरवताना दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही, हे मी स्वतः रोज पाहिलंय. लॅबकडून मेणाचा ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो ठोकळा, मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे जीन तपासणी करायची झालीच तर तोच लागेल. तंबाखू आणि सुपारी दोन्ही बंद. नुसती तंबाखू सोडून सुगंधी सुपारी सुरू करणारे खूप असतात आणि सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. दर तीन-चार महिन्यांनी एकाच डॉक्टरांकडून पूर्ण तोंड तपासून घ्या, फोटोसकट. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. 2005 मध्ये आलेल्या निकालानुसार तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहिलीय. चट्टा सगळा पांढराच आहे की मध्ये कुठे लालसर भाग आहे? आणि तुकडा नेमका कुठून काढला? लाल भाग असूनही पांढऱ्यातूनच काढला असेल, तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात बायोप्सी पुन्हा करून घ्या.