रोमला जातोस, तर रोममध्येच राहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट पाहिली. सहा दिवस आणि पाच शहरं: मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. रोमच्या वाट्याला दीड दिवस, आणि त्या दीड दिवसात चौदा ठिकाणं. तळाशी लाल अक्षरांत एकूण खर्च आणि त्याखाली तुझा प्रश्न: "मावशी, परत कधी जायला मिळेल सांगता येत नाही. एकदाच सगळं उरकून घेऊ का?"

उत्तराला उशीर झाला, कारण आधी रागाच्या भरात लिहिलेलं फाडून टाकलं. राग तुझ्यावर नव्हता. जर्मनीत शिकायला जाताना तू भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि जेवण भागवून जे उरतं ते तू वर्षभर बाजूला टाकलंस, हे मला ठाऊक आहे. तुला चैन नको आहे. तुला भीती वाटतेय की कमी पैशात गेलं तर कमी बघून होईल, म्हणून तू नावांची संख्या वाढवतोयस. मला तोडायची आहे ती ही समजूत.

तर ऐक. चार शहरं खोड. रोम ठेव. सहाही दिवस रोममध्ये राहा. आणि तिथे जे फुकट आहे, तिथे पुन्हा जा. एकदा जाऊन आलास की परत जा. मग आणखी एकदा जा.

कारण सांगते. ज्याचं तिकीट काढलं, ते माणूस एकदाच बघतो आणि पैसे वसूल करायला बघतो. अठरा युरो दिलेत ना, मग पाय दुखले तरी शेवटच्या दालनापर्यंत जायचं, डोळे मिटायला लागले तरी पाट्या वाचायच्या. जिथे तिकीट नाही तिथे दहा मिनिटं बसावं, कंटाळा आला की उठावं, संध्याकाळी पुन्हा आत शिरावं. कोणी हिशेब मागत नाही, स्वतःचं मनसुद्धा मागत नाही. रोममधल्या फार मोठ्या गोष्टी अशा बिनतिकिटाच्या आहेत आणि त्या चर्चमध्ये आहेत. पैसेवाला प्रवासी गाडीतून उतरून त्या एकदा बघतो. तू त्या चार वेळा बघू शकतोस. तुझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त काही असेल तर ते एवढंच आहे, आणि तू तेच पाच शहरांत वाटून टाकायला निघालायस.

पिआत्सा नव्होना या चौकापासून दोन मिनिटांवर सान लुइजी देई फ्रान्चेझी नावाचं फ्रेंच लोकांचं चर्च आहे. आत गेलास की डाव्या हाताच्या शेवटच्या छोट्या दालनात कारावाज्जो या चित्रकाराने काढलेली संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत, १६०० सालाच्या आसपासची. डावीकडच्या भिंतीवर मॅथ्यूला येशूचा शिष्य होण्याचं बोलावणं येतं ते चित्र. मॅथ्यू करवसुली करणारा माणूस. टेबलाभोवती पाच जण बसलेत, उजवीकडून येशू आत आलाय आणि त्याने हात पुढे केलाय. चित्रातला उजेड उजवीकडून येतो, आणि वेदीवरची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. पहिल्यांदा मी फक्त दाढीवाल्या माणसाकडे पाहिलं. त्याचं बोट छातीकडे आहे, म्हणून तोच मॅथ्यू, असं धरून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी गेले तर तेच बोट शेजारच्या पोराकडे आहे असं वाटायला लागलं. तो पोरगा टेबलाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजतोय. दारातून कोण आलंय याचा त्याला पत्ता नाही. मॅथ्यू नक्की कोणता यावर कलेचे अभ्यासकसुद्धा अजून भांडतात, हे नंतर वाचलं. वाचलं नसतं तरी चाललं असतं, कारण ते भांडण माझ्या डोळ्यांत आधीच सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी गेले म्हणून.

त्या दालनात अंधार असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. तू नाणं टाकलं नाहीस तरी कोणीतरी टाकतंच, पण एकदा स्वतःचं टाक. आणि दिवा विझल्यावर लगेच पळू नकोस, खिडकीतून येतो तेवढ्याच उजेडात थोडा वेळ थांब. चर्चं दुपारी बरेच तास बंद असतात, तेव्हा सकाळी नाहीतर चारनंतर जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळा असला तरी.

तिथून चालत पाच मिनिटांवर सांतागोस्तीनो हे चर्च. तिथेही कारावाज्जो आहे. दारात उभी मेरी, कडेवर मूल, समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेले. पुरुषाचे तळवे आपल्या बाजूला वळलेत आणि ते मळलेले आहेत. ते पाय बघून लोकांनी गिल्ला केला होता, असं जोव्हान्नी बाल्योने या त्याच्याच काळातल्या चित्रकाराने लिहून ठेवलंय. मी मात्र त्या पायांपुढे बराच वेळ उभी होते. आषाढीला फलटणच्या मुक्कामात आमच्या ओट्यावर वारकरी टेकायचे, त्यांचे तळवे असेच असायचे. इटलीत जाऊन मला ओळखीचं काही दिसलं तर ते हे. या चित्राला तिकीट नाही. पुन्हा जा.

पिआत्सा देल पोपोलोवरच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये आणखी दोन कारावाज्जो, सान पिएत्रो इन विंकोलीत मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा, सांता मारिया सोप्रा मिनर्व्हात त्याचाच क्रूस धरलेला येशू. सगळं बिनतिकिटाचं. यादी वाढवत नाही, नाहीतर तू तिचा पुन्हा तक्ता करशील. फक्त सांतिन्यात्सियोचं सांगते, कारण तिथे लोक नेमकं उलटं करतात. त्या चर्चला खरा घुमट नाही. १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्झोने सपाट कापडावर घुमट रंगवला आणि तो छताला लावला. फरशीवर एक खूण आहे, तिथे उभं राहिलं की घुमट खरा वाटतो. हल्ली लोक आरशात फोटो काढायला रांग लावतात आणि फोटो झाला की जातात. तू रांग सोड. खुणेपासून लांब, पार वेदीपर्यंत चालत जा आणि मग वर बघ. घुमट कलंडतो, वाकडा होतो, रंगाऱ्याने काय केलंय ते उघडं पडतं. चुकीच्या जागेवरून बघायला वेळ लागतो, आणि दीड दिवसात तेवढा वेळ नसतो.

तू विचारशील, एवढा हट्ट कशाला? विचार.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते एका सहल कंपनीबरोबर. दुपारी रोममध्ये उतरलो, रात्री बाहेर पडलो. तुझे काका बांधकाम खात्यात इंजिनिअर, त्यांना सगळ्या युरोपात बघायचं होतं ते एकच: पँथिऑन, रोमन लोकांचं जुनं देऊळ. सळई न घालता ओतलेला काँक्रीटचा घुमट, व्यास त्रेचाळीस मीटरच्या वर, आणि जवळपास एकोणीसशे वर्षं उभा. खाली जड खडी, वर जाईल तसा हलका ज्वालामुखी दगड, आणि माथ्यावर सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचा प्रश्न साधा होता: त्या भोकातून पाऊस आत येतो, तर पाणी जातं कुठे? ते खाली वाकून फरशी बघायला लागले, तेवढ्यात पुढे गाइडचा झेंडा हलला आणि सगळ्यांना बसकडे बोलावलं. "पुढच्या वेळी नीट बघू," म्हणाले. पुढची वेळ त्यांना मिळाली नाही.

नंतर मी एकटी गेले. फरशीला मध्यातून कडेकडे बारीक उतार आहे आणि मधे छोटी छोटी भोकं आहेत, पाणी तिथून खाली जातं. तेव्हा पँथिऑनला तिकीट नव्हतं. रोज आत जायचे, आणि एक दिवस पाऊस आलाच. पाणी सरळ फरशीवर येत होतं, लोक गोल करून उभे होते. सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. त्यामुळे "परत कधी जायला मिळेल सांगता येत नाही" हे तू मला समजावू नकोस. ते मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणूनच म्हणते, जिथे आहेस तिथे परत जा, आत्ताच, उद्या सकाळी.

जुलै २०२३ मध्ये पँथिऑनला पाच युरो तिकीट लागू झालं. तेवढे खर्च कर. आभाळ भरलेलं दिसलं तर त्या दिवशी कर.

आता कोलोसियम. मी आत गेलेले नाही. आमच्या घरात अजून यावरून बोलतात: एवढे दिवस रोममध्ये राहिली आणि कोलोसियमच्या आत गेली नाही! नाही गेले. समोरच्या कोल्ले ओप्पिओच्या बागेतून मी ते सकाळच्या उन्हात पाहिलंय, दिवे लागताना पाहिलंय, रिकामं असताना पाहिलंय. कॅपिटोलाईन टेकडीवर मायकेलअँजेलोने आखलेला चौक आहे, त्याच्या मागच्या कठड्यावरून सगळं रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमचे अवशेष, खाली पसरलेलं दिसतं, एक पैसा न देता. तिथे मी इतक्यांदा उभी राहिले की कोणता खांब कोणत्या देवळाचा हे मला नकाशाशिवाय सांगता येतं. मी काही गमावलं असं मला वाटत नाही. तुला आत जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण पहिल्या रविवारी सरकारी स्मारकं फुकट असतात म्हणून तिथे धावू नकोस. वाचलेल्या पैशांच्या बदल्यात अख्खी सकाळ रांगेत जाते. व्हॅटिकन संग्रहालयाच्या महिन्यातल्या शेवटच्या फुकट रविवारचंही तेच. फुकट आहे पण पुन्हा जाता येत नाही, ते माझ्या हिशेबात फुकट नाही.

पोटाचं बघू. कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायची. सव्वा-दीड युरोत होते, टेबलावर बसलास की तीच कॉफी बरीच महाग. युरोला शंभराने गुणत बसू नकोस, त्याने घशाखाली काही उतरत नाही. दुपारी वजनावर मिळणारा पिझ्झा घे. लांबट पत्र्यावर भाजलेला असतो, तू बोटाने दाखवशील तेवढा कापून तोलून देतात. बटाटा आणि रोझमेरीचा मिळाला तर सोडू नकोस. सुप्ली नावाचा तळलेला भाताचा गोळा दिसेल, त्यात बहुतेकदा मांसाचा खिमा घातलेला रस्सा असतो, तेव्हा आधी विचार. हॉस्टेलला स्वयंपाकघर असेलच असं बघून घे. तेर्मिनी स्टेशनच्या बाजूला पिआत्सा व्हित्तोरियोजवळ एस्क्विलिनोचा बाजार आहे. तिथे बांगलादेशी दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, मसूर सगळं मिळतं. एका संध्याकाळी डाळभात टाक. इटलीत जाऊन डाळभात, असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नकोस, भात खा आणि रात्री फिरायला बाहेर पड. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या दिवशी दुपारी बसून नीट पास्ता खाता येतो.

पाणी विकत घ्यायचं नाही. रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे नळ आहेत, नाझोनी म्हणतात, १८७४ पासूनचे. चोवीस तास गार पाणी. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, तिला तोंड लाव. आणि त्रेव्हीच्या कारंज्याला आजही पाणी येतं ते अ‍ॅग्रिपा या रोमन सेनापतीने इसवीसनापूर्वी १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीचं. हे काकांना सांगायचं राहिलं.

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला जाणारी थेट गाडी चौदा युरो घेते, बस त्याच्या निम्म्यात नेते. शहरात दीड युरोचं तिकीट शंभर मिनिटं चालतं, पण चढल्यावर ते यंत्राला लावायला विसरलास तर दंड होतो. दर रात्रीचा पालिकेचा कर हॉस्टेल वेगळा घेतं, तो शीटमध्ये धर, तू धरलेला नाहीस. स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर बसू नकोस, २०१९ पासून तिथे बसलं की दंड आहे. बसायचं तर अव्हेंतिनो टेकडीवरच्या संत्र्यांच्या बागेत बस. जानिकोलो टेकडीवर दुपारी बाराला तोफ उडते, १९०४ पासून; महायुद्धात बंद पडली होती, १९५९ पासून पुन्हा रोज. तिथेही दोनदा जा. पहिल्यांदा दचकायला, दुसऱ्यांदा शहर बघायला.

व्हेनिस खोडताना तुला सगळ्यात जास्त वाईट वाटणार, माहीत आहे. तर बघ, त्या शहराने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावलंय. जो रात्री मुक्कामाला राहतो त्याला ते माफ आहे. व्हेनिसचंही तेच म्हणणं आहे जे माझं आहे. पुढे कधी पैसे साठले की व्हेनिसला वेगळा जा आणि तिथेच राहा.

तुझी आई नाराज होईल. तिने शेजारीपाजारी "मुलगा इटली करून येतोय" म्हणून सांगितलंय, आणि एकच शहर म्हटल्यावर तिला ते कमी वाटेल. तिला माझ्याकडे पाठव, मी बोलते. आणि ती ऐकेना तर सहा दिवसांतल्या तिसऱ्या सकाळी सान लुइजीतून बाहेर आलास की तिला फोन लाव, आणि मॅथ्यू कोणता वाटला ते सांग. मलाही सांग. मी अजून ठरवलेलं नाही.

तुझी,
मावशी