नवऱ्याशीही बोल

तू आशा सेविका म्हणून नुकतीच लागलीस, म्हणून सांगते. कुटुंबनियोजनाचा विषय निघाला की नवरा उठून ओट्यावर जातो आणि सासू म्हणते, "सुनेचं ऑपरेशन करून टाकू." तिथे थांबू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची जेमतेम ०.३! बाळंतपणही तिनेच सोसायचं आणि ऑपरेशनही?

पुरुष आरोग्यसेवकाला सोबत ने आणि नवऱ्याशी पुरुष-नसबंदीबद्दल बोल. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताकद जाईल का?" स्पष्ट सांग, फक्त वीर्यनलिका बंद करतात, हार्मोन तयार होतच राहतात. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून बारीक छिद्रातून काम होतं, माणूस त्याच दिवशी घरी. काही दिवस जड उचलायचं नाही, त्यामुळे शेतमजुराला पेरणीच्या तोंडावर आग्रह नको.

सगळ्यात महत्त्वाचं: नंतर तीन महिने निरोध वापरायचाच. मग वीर्यतपासणी, आणि शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट आल्यावरच निरोध सोडायचा. मधेच दिवस गेले तर लोक बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतात गं, म्हणून हे दोघांना समोर बसवून सांग. पुढे मूल हवं असेल त्यांना नसबंदी सुचवूच नकोस. निरोधची पाकिटं दे, आणि ती नवऱ्याच्या हातात.