एक्सल बदलू, की गाडीच बदलू?

प्रश्न : डेन्व्हरला राहतो. १९९४ ची जीप रँग्लर आहे, कर्ज फिटलेलं. फोर-व्हील टाकलं तरी पुढची चाकं ओढत नाहीत, डॅशवरचा दिवाही लागत नाही. गॅरेजवाला पुढचा अख्खा एक्सल (पुढच्या चाकांना फिरवणारा जोडदांडा) बदलायला सांगतोय, २,८०० डॉलर. आठ महिन्यांपूर्वी केलेली एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची भारतातली मुदत ठेव) मोडून ते देऊ, की ५,००० भरून ३८,००० ची नवी गाडी घेऊ?

उत्तर : एफडीला हात लावू नका. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली की व्याज शून्य. नव्या गाडीसाठी ३३,००० चं कर्ज, ७ टक्के धरून पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण ६५३ डॉलर. नुसतं व्याजच ६,२०० च्या घरात जातं.

पण मुळात एक्सल गेलाय हे ठरवलं कोणी? तुमच्या मॉडेलमध्ये पुढच्या एक्सलचा लांब बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. फोर-व्हील टाकलं की एक फोर्क (दुबेळकं) कॉलर, म्हणजे कडी, सरकवून ते तुकडे जोडतो, आणि फोर्कला हलवतो इंजिनाचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, बारीक प्लास्टिकच्या नळ्यांतून. तीस वर्षं उष्णता खाल्लेल्या नळ्या तडकणारच. फोर्क हलला नाही की दिवाही लागत नाही. तुमची लक्षणं हुबेहूब हीच आहेत.

एक्सलवरच्या व्हॅक्यूम मोटरला (याच ओढीवर फोर्क सरकवणारी डबी) हाताने व्हॅक्यूम ओढणारा पंप लावून बघायला सांगा. तिकडच्या बऱ्याच स्पेअर पार्टच्या दुकानांत तो अनामत ठेवून वापरायला मिळतो. पंपाच्या मीटरचा काटा टिकला आणि फोर्क सरकला, तर मोटर ठीक. दोष नळ्यांत किंवा ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) स्विचमध्ये. काटा घसरला तर मोटर बदला. काटा टिकूनही फोर्क जागचा हलत नसेल, तर कव्हर उघडून फोर्क आणि कॉलर बघावे लागतील. तेही अख्ख्या एक्सलपेक्षा स्वस्तच. या सगळ्याला मी ६०० डॉलरची मर्यादा घालीन, तेही पगारातून. हे न तपासता २,८०० सांगणाऱ्याकडे मी तरी परत जाणार नाही.

दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा ओल्या किंवा मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून थोडं चालवा, म्हणजे कॉलर गंजून बसत नाही. कोरड्या डांबरावर मात्र टाकू नका.

पंपाच्याही आधी एक करा. चेसिसला मागच्या स्प्रिंगांजवळ स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तो आत गेला, म्हणजे चेसिस गंजून सडलेलं असलं, तर या जीपवर एक डॉलरही घालू नका. मग गाडी बघू, पण वापरलेली आणि रोखीत.