छोट्या देशात व्यापार करारातून कामगारांचे हक्क खरंच सुधारतात का?

तुम्ही विचारलंय की एखाद्या छोट्या गरीब देशानं मोठ्या देशांसोबत व्यापार करार केले तर त्यातून तिथल्या कामगारांचं काही भलं होतं का, की सगळं कागदावरच राहतं. माझं उत्तर असं की होतं, झालेलं पण आहे, पण तपासायला येणारा माणूस निघून गेल्यावर त्या कामगाराचं काय होणार याचा विचार ज्या करारात केलेला असतो तिथंच होतं. बाकी ठिकाणी नुसते बोर्ड लागतात.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. माय-बाप दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, भांडीकुंडी, कोंबड्या, लहान लेकरं सगळं गाडीत, आणि पार पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात नुसती म्हातारी माणसं. मी आजीजवळ राहून शिकलो, पुढं संभाजीनगरला आलो आणि आता वाळूजला एका कंपनीत एचआरमध्ये मला ११ वर्षं झालीत. आमच्याकडं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं, माल बाहेर देशात जातो, म्हणून परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट म्हणजे काय असतं ते मी अगदी जवळून बघितलंय.

आता तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कंबोडिया. १९९९ मध्ये अमेरिकेनं कंबोडियासोबत कापडाचा करार केला. तेव्हा कुठल्या देशानं किती कपडे पाठवायचे याचा कोटा ठरलेला असायचा. अमेरिकेनं काय केलं, तर म्हणलं तुमच्या फॅक्टऱ्यांमध्ये कामगार कायदा नीट पाळला जातोय असं दिसलं तर दरवर्षी कोटा वाढवून देतो, सुरुवातीला १४ टक्क्यांपर्यंत वाढ मिळू शकत होती. म्हणजे शिक्षेची धमकी नाही, उलट चांगलं वागलात तर जास्त धंदा. आणि वागलात का नाही हे बघायला सरकारी इन्स्पेक्टर नाही, कंपनीनं पैसे देऊन आणलेला ऑडिटर पण नाही, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ. आयएलओ एरवी असं फॅक्टरीत जाऊन तपासण्या करत नाही, तिथं २००१ पासून केल्या. कंबोडियाच्या सरकारनं पण नियम केला की तपासणीला तयार असेल त्याच फॅक्टरीला एक्स्पोर्टचं लायसन. आणि सांगून पण सुधारणा केली नाही तर फॅक्टरीचं नाव जाहीर व्हायचं.

यातली खुबी अशी की एका फॅक्टरीनं चोरी केली तर नुकसान सगळ्या देशाच्या कोट्याचं, त्यामुळं मालक लोकांचं एकमेकांवर लक्ष आणि सरकारला पण झोप काढून चालत नव्हतं. आमच्याकडं हे कधीच होत नाही. आमच्याकडं एका कारखान्यानं तोडणीचे पैसे बुडवले तर शेजारच्या कारखान्याचं काय जातंय?

पण २००५ च्या सुरुवातीला जगभरातला तो कोटाच संपला, आणि कोटा संपला म्हणल्यावर बक्षीस पण संपलं. तपासणी चालू राहिली पण साधारण २००६ पासून फॅक्टऱ्यांची नावं जाहीर करायचं बंद झालं, ते परत सुरू व्हायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात कामगारांची काय हालत झाली ते २०१४ च्या जानेवारीत सगळ्या जगानं बघितलं, पगारवाढीसाठी रस्त्यावर आलेल्या कामगारांवर नोम पेन्हमध्ये गोळीबार झाला, त्यात किमान ४ जण गेले. त्यानंतरच किमान पगार भराभर वाढत गेला, २०१३ मध्ये महिन्याला ८० डॉलर होता तो २०२० पर्यंत १९० डॉलर झाला. हा पगार कुठल्या कलमानं वाढवला नाही, माणसं रस्त्यावर आली म्हणून वाढला. करारानं एवढंच केलं होतं की युनियन काढायला थोडी जागा करून दिली होती, आणि माझ्या मते तेच त्याचं सगळ्यात मोठं काम.

ते कसं, तर आमच्या कंपनीतलं सांगतो म्हणजे कळंल.

पहिल्यांदा आमच्याकडं सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांना नीट वागवतात का याची गिऱ्हाईकाकडून तपासणी, झालं तेव्हा तारीख महिनाभर आधी कळलेली होती. आठ दिवस नुसती रंगरंगोटी. फर्स्ट एडच्या पेट्या भरल्या, ठेकेदाराच्या माणसांना सकाळी सेफ्टी शूज वाटले (संध्याकाळी परत घेतले), हजेरीचं रजिस्टर परत नवीन लिहून काढलं, आणि लाईनवरच्या बायकांना बसवून शिकवलं की काय विचारलं तर काय सांगायचं. ते शिकवायला मीच होतो. ऑडिटर मॅडम इंग्रजी आणि हिंदीतून विचारायच्या आणि मी मराठीत सांगायचो. परतूरकडच्या एक मावशी होत्या, क्रिम्पिंगच्या मशीनवर, त्यांना विचारलं की ओव्हरटाइम डबलनं मिळतो का. मावशीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणल्या, हो मिळतो. मिळत नव्हता, सिंगलनं मिळायचा. मॅडमनं हो लिहून घेतलं आणि त्या विमानानं मुंबईला गेल्या, मावशी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच ठेकेदाराच्या गाडीत बसून कामावर. मावशीनं खरं सांगावं तरी कुणाच्या भरवशावर? मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

तीन वर्षांनी त्याच गिऱ्हाईकानं पद्धत बदलली. तारीख सांगितली नाही आणि दोन मराठी बोलणाऱ्या बायका पाठवल्या. त्या कंपनीत आल्याच नाहीत आधी, संध्याकाळी वाळूजजवळच्या रांजणगावला बायकांच्या खोल्यांवर गेल्या, चहा घेतला, लेकरांची विचारपूस केली आणि मग हळूच पगाराच्या पावत्या बघितल्या. ऑडिटवाल्या तिकडं जाऊन आल्यात हे आम्हाला तीन दिवसांनी कळलं. कारखाना कायद्यात ओव्हरटाइम डबलनं द्या असं १९४८ पासून लिहिलेलं होतं, ते आमच्याकडं लागू झालं कधी, तर गिऱ्हाईकानं फरक वाटल्याशिवाय नवीन ऑर्डर देत नाही म्हणल्यावर. मागच्या सहा महिन्यांचा फरक सगळ्यांच्या खात्यावर जमा झाला. त्या मावशी पासबुक घेऊन माझ्याकडं आल्या, म्हणल्या साहेब हे वाचा बरं, चुकून आले नाहीत ना, परत तर घेणार नाहीत ना. ३ वेळा वाचून दाखवलं मी.

म्हणून मी म्हणतो की बाहेरच्या गिऱ्हाईकाच्या दाबानं फरक पडतोच, मी डोळ्यानं बघितलाय. पण याची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. फरक दिल्यानंतर कंपनीनं गिऱ्हाईकाला म्हणलं की आता आमचा खर्च वाढलाय, नगामागं थोडा रेट वाढवून द्या. गिऱ्हाईक म्हणलं रेट तोच राहील. मग काय झालं, लाईनचं तासाचं टार्गेट वाढलं आणि बायका पाणी प्यायला उठायच्या बंद झाल्या. करारात कामगारांच्या हक्काची पानंच्या पानं असतात पण खरेदीदार माल कितीला घेणार यावर एक ओळ नसते. छोट्या देशाच्या सरकारनं टेबलावर बसल्यावर हे मागायलाच पाहिजे, आम्ही नियम पाळतो पण तुमच्या खरेदीदारांनी त्याचा खर्च भावात धरावा.

बांगलादेशचं पण यातच येतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा पडला, ११०० च्या वर माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसलेल्या होत्या, खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, आणि वरच्या शिलाईच्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. पगार कापला जाईल या भीतीनं ते आत गेले. त्यानंतर अमेरिकेनं जूनमध्ये बांगलादेशची जकातीतली सवलत थांबवली, बातम्या मोठ्या झाल्या, पण त्या सवलतीत तयार कपडे धरलेलेच नव्हते, म्हणजे ज्या धंद्यात माणसं मेली त्याला थेट काहीच झळ नाही. खरा फरक पडला तो अॅकॉर्ड नावाच्या करारानं. त्यात २०० च्या वर ब्रँड आणि युनियन यांनी सह्या केल्या, आणि ब्रँडवर तो कायद्यानं बंधनकारक होता. हजारावर फॅक्टऱ्यांच्या इमारती, वायरिंग, जिने तपासले, अहवाल सगळ्यांना बघायला खुले ठेवले आणि धोक्याच्या जागी काम करायला नाही म्हणायचा हक्क कामगाराला दिला. तो हक्क त्या दिवशी सावरमध्ये असता तर.

आफ्रिकेतला लेसोथो तर आपल्या एखाद्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा देश. अमेरिकेनं आफ्रिकन देशांना जकात माफ केली त्यामुळं तिथं जीन्स शिवायच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. तिथल्या बायकांना सुपरवायझर लोक नोकरी टिकवायची तर शरीरसुख द्या म्हणून छळायचे. २०१९ मध्ये ब्रँड, फॅक्टरीवाले, तिथल्या युनियन आणि महिला संघटना यांचा करार झाला, ५ फॅक्टऱ्या, १०,००० च्या वर कामगार. तक्रार ऐकायला कंपनीच्या बाहेरची स्वतंत्र यंत्रणा, आणि फॅक्टरीनं मानलं नाही तर ब्रँड ऑर्डर कमी करणार. मला या सगळ्यात हे जास्त पटतं, कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर ती जात नाही. पण छोट्या देशाचा जीव किती वीतभर असतो बघा, २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं त्याच लेसोथोवर ५० टक्के टॅरिफ जाहीर केलं, पुढं ते १५ टक्क्यांवर आणलं, पण तोपर्यंत ऑर्डरी गेल्या आणि बायका घरी बसल्या. एकाच गिऱ्हाईकावर सगळा देश टांगून ठेवला की असं होतं.

शिक्षेचं हत्यार पण जपून वापरावं लागतं. कंबोडियाच्या सरकारनं लोकांचे हक्क पायदळी तुडवले म्हणून युरोपनं २०२० मध्ये त्या देशाची जकातीतली सवलत काढली तेव्हा सगळी नाही काढली, निर्यातीच्या साधारण पाचव्या हिश्श्यापुरती काढली. नाहीतर सरकारच्या पापाची शिक्षा शिलाई करणाऱ्या पोरींना झाली असती. आणि उशीर किती लागतो ते पण बघा. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाविरुद्ध कामगार कायदा पाळत नाही म्हणून तक्रार झाली २००८ मध्ये, व्यापार कराराखाली अमेरिकेनं ती पुढं नेली, निकाल लागला २०१७ मध्ये. आणि निकाल काय, तर काही ठिकाणी कोर्टाचे हुकूम सरकारनं अमलात आणले नाहीत हे खरं, पण त्याचा दोन देशांतल्या व्यापारावर परिणाम झाला हे सिद्ध झालं नाही, म्हणून अमेरिका हरली. कामावरून काढलेला माणूस ९ वर्षं काय खाईल? म्हणून करार लिहितानाच मुदत महिन्यांमध्ये घालायची आणि कायदा मोडला एवढं दिसलं तरी पुरे असं लिहून घ्यायचं.

आपल्या सरकारचं म्हणणं वर्षानुवर्षं असं राहिलं होतं की कामगारांचे नियम व्यापारात आणू नका, श्रीमंत देश त्याच्या आडून आपला माल अडवतील. १९९६ ला सिंगापूरच्या डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, परिषदेत पण हेच झालं आणि तो विषय आयएलओकडं गेला. या भीतीत तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग आपल्याकडच्या माणसांचं कोण बघणार? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. आजारी पडून दिवस बुडाला तर खाडा धरला जातो, उलट दंड बसतो, मग डॉक्टरनं पिशवी काढा म्हणलं की बाई काढून टाकते. पुढं २०२४ ला अमेरिकेतल्या पेपरात आलं की या भागातली साखर जगभर नाव असलेल्या कोल्ड्रिंकवाल्यांना जाते, तेव्हा कुठं त्या कंपन्यांना उत्तरं द्यायची वेळ आली. त्याच्या आधी कोयता बंद आंदोलन, म्हणजे ऊसतोड कामगारांचा संप, झालं म्हणून २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली होती. म्हणजे इथं पण तेच, आधी माणसांचं एकत्र येणं आणि त्याला बाहेरून गिऱ्हाईकाचा दाब.

तुमच्या मनात जो कुठला छोटा देश असंल त्यासाठी मला एकच कलम लिहायला सांगितलं तर मी नावाचं कलम लिहीन. काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव कागदावर आलं पाहिजे, बाईचं वेगळं, आणि पैसे तिच्या खात्यावर. कारण तपासणीवाले कागदावरच्या माणसालाच भेटतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्यासोबत. माझी माय १८ सीझन गेली. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, मग फडात, मग डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. मध्यंतरी कामगार महामंडळाच्या नोंदणीसाठी मी तिची कागदपत्रं शोधत होतो, मुकादमाच्या वहीत बापाचं नाव सगळ्या वर्षांना सापडलं, तिचं एकाही वर्षाला नाही.