आईच्या रिपोर्टमधलं ‘पेशीविभाजन’

प्रश्न : आईच्या गर्भाशयातली गाठ काढली. रिपोर्टमध्ये ‘लायोमायोमा, पेशीविभाजन तुरळक, नेक्रोसिस नाही’ असं आहे. विभाजन दिसतंय म्हणजे कॅन्सरची सुरुवात समजायची का?

उत्तर : नाही, घाबरू नका. लायोमायोमा म्हणजेच फायब्रॉइड, स्नायूंची साधी गाठ. विभाजन निरोगी पेशींतही होतं. आतड्याच्या अस्तरात तर ते सतत चालू असतं. त्या एका ओळीवरून मी कधीच निदान करत नाही.

अशा गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की लांबट पेशींचे जुडगे एकमेकांना छेदत गेलेले दिसतात. केंद्रकं लांबुळकी, टोकांना बोथट, जवळपास सारखी. कडेला गाठ शेजारच्या स्नायूला नुसती बाजूला सारते, आत घुसत नाही.

तिथे लायोमायोसार्कोमा, म्हणजे कॅन्सर, असेल तर केंद्रकं सहसा गडद, वेडीवाकडी, लहानमोठी असतात. एखादी पेशी दोनाऐवजी तीन दिशांना फाटताना सापडते. आणि जिवंत पेशींना लागूनच अचानक मेलेल्या पेशींचा पट्टा सुरू होतो. हा नेक्रोसिस मी सर्वांत आधी शोधते. (रक्तपुरवठा तुटल्यानं साध्या फायब्रॉइडचा भागही मरतो, पण त्याची ठेवण वेगळी असते.) मोठ्या भिंगाच्या १० क्षेत्रांत (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) १० किंवा अधिक विभाजनं हा आकडाही मी पाहते, मात्र बाकीच्या खुणांसोबतच.

तरीही मन मानत नसेल तर लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात बसवून जपलेले असतात ते) मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे स्लाइड तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांना, ते दाखवता येतात.