‘राजकारण शिकून नोकरी कोण देतं?’

चाळीसगावहून एका वडिलांची मेल आली आहे. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. मुलगी अकरावी सायन्सला. चांद्रयान-3 उतरलं तेव्हापासून ‘इस्रोत जायचं’ एवढंच तिच्या डोक्यात होतं. दिवाळीआधी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने चांद्रयानावर भाषण केलं. परीक्षकांनी बक्षीस दिलं आणि जाता जाता म्हणाले, ‘बाळ, हे सगळं सरकारांचं राजकारण असतं, विज्ञान नंतर.’ पोरीने ते मनावर घेतलं. आधी रडली, मग वाचत बसली. आता म्हणते, ‘मला हे राजकारणच शिकायचंय, सायन्स सोडून आर्ट्‌सला जाते.’ वडिलांचा प्रश्न असा : राजकारण शिकून नोकरी कोण देतं? मेलच्या शेवटी मुलीने स्वतः दोन ओळी जोडल्या आहेत : ‘सर, ते परीक्षक खरं बोलले का? खरं असेल तर मी इतकी वर्षं कशाच्या मागे होते?’

आधी मुलीशी बोलतो. दादा, तुमच्याकडे नंतर येतो.

बाळ, परीक्षक खरं बोलले, पण अर्धंच.

12 एप्रिल 1961 ला रशियाचा युरी गागारिन, अवकाशात गेलेला पहिला माणूस, पृथ्वीभोवती फेरी मारून आला. पुढच्याच आठवड्यात क्युबामध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने केलेल्या स्वारीचा फज्जा उडाला. 20 एप्रिलला अध्यक्ष केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक पानभर टिपण पाठवलं. आपण रशियनांना कशात हरवू शकतो? अवकाशात प्रयोगशाळा, चंद्राभोवती फेरी, चंद्रावर माणूस? डोळ्यांत भरेल आणि आपण जिंकू असा दुसरा कुठला कार्यक्रम आहे का? चंद्रावर कोणते खडक आहेत, ते किती जुने, असलं काही त्या टिपणात नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नासाचे प्रमुख जेम्स वेब (आजच्या दुर्बिणीला ज्यांचं नाव आहे, तेच) विज्ञानाची बाजू लावून धरत होते, तेव्हा केनेडी त्यांना म्हणाले की मला अवकाशात एवढा काही रस नाही. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. आणखी दहा महिन्यांनी, सप्टेंबर 1963 मध्ये, हेच केनेडी संयुक्त राष्ट्रांत उभे राहून रशियाला म्हणाले, चला, चंद्रावर बरोबरच जाऊ. क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून युद्ध होता होता टळलं, त्या संकटानंतर हवा बदलली होती, म्हणून चंद्राचा उपयोगही बदलला. पुढे 1969 मध्ये शर्यत जिंकली आणि वर्ष-सव्वा वर्षात अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमांवर काट मारली गेली. डिसेंबर 1972 नंतर पन्नास वर्षं चंद्रावर माणूस उतरला नाही. रॉकेट बनवता येत होतं. गरज उरली नव्हती.

आपल्याकडे काय वेगळं होतं? 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, त्यातलं सोडियम वाफेचं उपकरण फ्रान्सचं आणि मदतीला हेलिकॉप्टर रशियाचं. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिघांकडूनही घ्यायचं आणि कुणाच्याही गोटात जायचं नाही. अलिप्ततावादावर दहा मार्कांचं उत्तर लिहिशील, त्यापेक्षा नारळाच्या बागेतला तो एक दिवस जास्त सांगून जातो. इस्रोचं खातं आजही थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आहे, हे ध्यानात ठेव.

म्हणून तू इतकी वर्षं कशाच्या मागे होतीस, तर एका खऱ्याच गोष्टीच्या मागे. राजकारणाने पैसा दिला म्हणून चंद्रावरून आणलेले खडक खोटे ठरत नाहीत. विठ्ठलाचं देऊळ कुठल्या राजाने कशासाठी बांधलं, यावर वारकऱ्याचा अभंग अडत नाही.

परीक्षकांनी सांगितलं नाही ते आता सांगतो, आणि आर्ट्‌सचा फॉर्म भरण्याआधी ते ऐक.

27 मार्च 2019 ला भारताने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. लोकसभेची आचारसंहिता लागू होती. पंतप्रधानांनी स्वतः देशाला उद्देशून भाषण करून ते जाहीर केलं. विरोधकांनी तक्रार केली. आचारसंहितेचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा निवडणूक आयोगाने दिला. चहाच्या टपरीवरची चर्चा इथेच संपते : ‘मतांसाठी केलं’ किंवा ‘देशासाठी केलं’. अभ्यासकाची चर्चा इथून सुरू होते. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने 1 जानेवारी 1967 ही रेघ ओढली होती. त्याआधी ज्यांनी अणुचाचणी केली, तेवढेच अण्वस्त्रधारी देश. आपण चाचणी केली 1974 मध्ये, आणि रेघेबाहेर राहिलो ते कायमचे. अवकाशातल्या शस्त्रांबाबत उद्या तशीच रेघ ओढली गेली, तर या वेळी आत असावं, हा विचार त्या चाचणीमागे असल्याचं अनेक अभ्यासक मांडतात. मला तो पटतो. निवडणुकीचा फायदा नको होता असंही मी म्हणणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता उंची बघ. भारताने उपग्रह पाडला तो सुमारे 300 किलोमीटरवर. चीनने 2007 मध्ये पाडला होता तो 800 किलोमीटरच्याही वर. तिथे हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्याचे तुकडे अजून फिरत आहेत आणि चीनला त्याबद्दल अजून ऐकून घ्यावं लागतं. कमी उंचीवर विरळ का होईना, हवा असते. ती तुकड्यांचा वेग मारते आणि बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळतात. म्हणजे आपण जगाकडून किती शिव्या खायच्या, हे त्या उंचीने ठरवलं. ती उंची निवडणं हा परराष्ट्र धोरणाचा निर्णय होता, आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा हा अडथळा, ठाऊक नसलेल्याला तो कळणारच नाही.

अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचंही असंच. आपण ते रशियाकडून विद्येसकट घेणार होतो, तेव्हा 1992 मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान पसरू नये, हे कारण दिलं. रशियाने मग इंजिनं दिली, पण बनवायची विद्या दिली नाही. आपलं स्वतःचं इंजिन बसवलेलं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं 5 जानेवारी 2014 ला. आता विचार कर, द्रव हायड्रोजन उणे 253 अंशांवर ठेवावा लागतो. असं इंधन तासन्‌तास भरत बसावं लागणारं इंजिन क्षेपणास्त्राला कितपत सोयीचं? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला अमेरिकेच्या त्या कारणातली फट दिसते. बाकीच्यांना नुसतं ‘अमेरिकेने अडवलं’ एवढंच पाठ असतं.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे : सायन्स सोडू नकोस. बारावी पीसीएम घेऊनच कर. अवकाशाचं राजकारण नुसत्या राज्यशास्त्राने येत नाही.

दादा, आता तुमचा प्रश्न. नोकरी कोण देतं? खरं सांगायचं तर जागा थोड्या आहेत, पण आहेत. परराष्ट्र मंत्रालयात निःशस्त्रीकरणाचा विभाग आहे, अवकाशाच्या वाटाघाटी तिथून चालतात. तिथली वाट यूपीएससीतून जाते, तेव्हा त्या एकाच वाटेवर सगळं लावू नका. दिल्लीत मनोहर पर्रीकरांच्या नावाची संरक्षण अभ्याससंस्था आहे, तिथे या विषयावर संशोधन होतं. खासगी कंपन्यांना अवकाश खुलं झालं ते 2020 मध्ये. त्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था अहमदाबादेत आहे, आणि परवानगी मागणाऱ्या प्रत्येक कंपनीला कायदा व तंत्र दोन्ही कळणारं माणूस लागतं. मला यातली ही शेवटची वाट सर्वांत भरवशाची वाटते.

तिथे पोचायचे रस्ते दोन. गणित चांगलं असेल तर आधी इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी फिजिक्स आणि मग धोरणाचं पदव्युत्तर शिक्षण. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, तिथली फी तुमच्या आवाक्यातली असेल. इंजिनिअरिंगसाठी तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञानाची संस्थाही आहे, पण तिथला प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर होतो. तो घाट मोठा आहे. दुसरा रस्ता बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉचा. अवकाश कायद्यातली पुढची पदवी नेदरलँड्समधल्या लायडनला किंवा कॅनडातल्या माँट्रियलला मिळते, पण शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून तिकडे पाठवू नका. तुमच्या जागी मी असतो तर पहिला रस्ता धरला असता. कारण साधं आहे. यातलं काहीच जमलं नाही तरी हातात पदवी राहते आणि तिच्यावर पोट भरतं.

दोन्ही रस्त्यांना एक जोड हवी, ती म्हणजे परकी भाषा. रशियन किंवा फ्रेंच. पुण्यात शिकायला आली तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी वर्ग असतात का ते विचारा.

आणि बाळ, ठरवण्याआधी एक काम कर. 5 मे 2017 ला भारताने दक्षिण आशिया उपग्रह सोडला, शेजाऱ्यांना भेट म्हणून. पाकिस्तान त्यातून बाहेर राहिला. यावर दोन पानं लिही. पहिल्या पानावर तो उपग्रह 36 हजार किलोमीटरवर एकाच जागी कसा दिसतो आणि त्यावरचे 12 ट्रान्सपाँडर काय करतात ते. दुसऱ्यावर ही भेट का दिली आणि एकाने ती का नाकारली ते. लिहिताना कुठलं पान संपूच नये असं वाटलं, तेही खाली लिही. दोन्ही पानं मला पाठव, पण आधी बाबांना वाचून दाखव. गाड्या खोलणारा माणूस आहे. त्यांना जे वाक्य कळणार नाही, ते परत लिही.