सी ची हेडर फाईल पास्कलमधे बदलली, कंपाईल होते, पण काट्याचं वजन चुकीचं येते. काय करू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. काट्याच्या इंडिकेटरवाल्यानं नुसती डीएलएल (तयार फंक्शनची फाईल) आणि त्या फंक्शनची यादी असलेली सी ची हेडर फाईल दिली, तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर लाझारसमधे म्हणजे पास्कलमधे आहे, हेडर तुम्ही पास्कलमधे बदललं, कंपाईल बी झालं आणि आता स्क्रीनवर भलतेच आकडे येऊन राहिले. हेच माझ्यासोबत आर्वीकडच्या एका जिनिंगमधे झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा दिवाळीनंतरचा सीझन, काट्यासमोर कापसाच्या ट्रॅक्टरची लाईन लागलेली. पहिला भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला, इंडिकेटरवर ६४१० किलो आणि माझ्या स्क्रीनवर १६७७७२१६०. गाडी खाली करून आणली तर इंडिकेटरवर ३८४० आणि स्क्रीनवर सरळ शून्य. मधेच एखाद्या गाडीचं वजन उणे पण दाखवायचं. त्या दिवशी सगळ्या पावत्या हातानं लिहिल्या आणि मी रात्रभर हेडर घेऊन बसलो.

चूक एका शब्दाची होती. हेडरमधल्या स्ट्रक्टमधे (सी मधलं रेकॉर्ड) आधी एक कॅर होता स्टेटससाठी, मग वजनाचा इंट, मग एक शॉर्ट. मी पास्कलमधे त्याला पॅक्ड रेकॉर्ड लिहिलं, काहून की फाईलमधे रेकॉर्ड साठवायची जुनी सवय. पॅक्ड म्हणजे मधे जागा न सोडता १ + ४ + २, एकूण ७ बाईट. पण सी चा कंपायलर इंटला ४ च्या पटीत बसवते, म्हणून कॅरनंतर ३ बाईट मोकळे सोडते आणि शेवटी २, झाले १२. म्हणजे शून्यापासून मोजलं तर वजन खरं चौथ्या बाईटपासून सुरू होते आणि मी वाचून राहिलो पहिल्यापासून. तीन मोकळे बाईट शून्य, आणि वजनाचा सगळ्यात खालचा बाईट माझ्या आकड्यात सगळ्यात वर जाऊन बसला. ६४१० मधे तो खालचा बाईट १०, त्याला १६७७७२१६ नं गुणा, हाच माझा आकडा. ३८४० ला २५६ नं पूर्ण भाग जाते, खालचा बाईट शून्य, म्हणून स्क्रीनवर बी शून्य. आणि तो बाईट १२८ किंवा त्याच्या वर गेला की वजन उणे.

यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. डीएलएल १२ बाईटच्या हिशोबानं लिहिते आणि आपण जागा दिली ७ ची, मग उरलेलं शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन पडते. प्रोग्राम तिथं बंद नाही पडत, अर्ध्या तासानं दुसऱ्याच फॉर्मवर पडते, आणि आपण तो फॉर्म तपासत बसतो.

माझं स्पष्ट मत हे आहे की हेडर बदलणं म्हणजे सिंटॅक्स बदलणं नाही, मेमरीचा नकाशा जसाच्या तसा उतरवणं आहे. फ्री पास्कलसोबत येणारं, हेडर आपोआप पास्कलमधे बदलणारं एचटूपास टायपिंग वाचवते, ते नक्की वापरा, वर पॅकरेकॉर्ड्स सी ची ओळ (रेकॉर्ड सी सारखं बसव असं सांगणारी) तेच टाकून देते, ती काढू नका. पण मॅक्रोचं (हेडरमधल्या डिफाईनचं) काम त्याच्यावर सोडू नका. साधा आकड्याचा डिफाईन असला तर कॉन्स्ट बरोबर होते, अर्ग्युमेंटवाला मॅक्रो असला तर फंक्शन बनवते आणि टाईप माहीत नाही अशी कॉमेंट टाकते. अशी कॉमेंट दिसली की ते फंक्शन स्वतः बसून लिहा.

फंक्शन कॉल करायच्या आधी हे करा. मिनजीडब्ल्यूचं जीसीसी (विंडोजवर चालणारा सी कंपायलर) टाका, चार ओळींचा सी प्रोग्राम लिहा, त्यात तेच हेडर घ्या आणि प्रत्येक स्ट्रक्टचा साईझऑफ (एकूण बाईट) आणि प्रत्येक फील्डचा ऑफसेटऑफ (तो कितव्या बाईटवर सुरू होते) प्रिंट करा. पास्कलमधे बी तसंच, फील्डच्या पत्त्यातून रेकॉर्डचा पत्ता वजा करून. दोन्ही आकडे वहीत समोरासमोर लिहा, मी अजून वहीतच लिहितो. एक बी आकडा वेगळा आला तर पुढं जाऊ नका. हेडरमधे प्रॅग्मा पॅक (फील्ड किती बाईटच्या पटीत बसवायचे हे सांगणारी ओळ) कुठं आहे का ते पण शोधा, १ दिलेला असला तर तेवढ्या भागात पॅक्डच बरोबर. आणि डीएलएल ३२ बिटची असली तर दोन्ही प्रोग्राम ३२ बिटचेच करा, ६४ बिटच्या प्रोग्रामात ती लोडच नाही होत.

मग राहिल्या बारीक गोष्टी. ३२ बिटमधे फंक्शन सीडेक्ल आहे का स्टडकॉल, म्हणजे त्याला कॉल करायची रीत कोणती, हे बरेचदा कंपनीच्याच एखाद्या मॅक्रोमागं लपलेलं असते, तो मॅक्रो उलगडून पाहा, पास्कलमधे काहीच नाही लिहिलं तर रजिस्टर धरल्या जाते आणि स्टॅक बिघडते. एनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) सी मधे बहुतेक ४ बाईटचा असते, डेल्फी मोडमधे १ चा होते, झेड४ डायरेक्टिव्ह टाका. सी चा लाँग विंडोजवर ६४ बिटमधे पण ४ बाईटच राहते, ६४ बिट लिनक्सवर ८, म्हणून उद्या लिनक्सवर न्यायचं असेल तर आत्ताच सीटाईप्स युनिटमधला सीलाँग वापरा. कॅरच्या पॉईंटरला पीकॅर नाही तर पीअँसीकॅर लिहा, डेल्फी २००९ पासून पीकॅर दोन बाईटचं अक्षर धरते. बिटफील्ड (एका इंटमधले थोडेच बिट वापरणारं फील्ड) दिसलं तर मी सरळ पूर्ण इंट घेतो आणि बिट हातानं काढतो, हाच मार्ग भरवशाचा वाटते.

हे सगळं झाल्यावर बी खाली काटा, एक माणूस, खाली ट्रॅक्टर, भरला ट्रॅक्टर असं चार वेळा इंडिकेटर आणि स्क्रीन ताडून पाहा, मगच पावती छापा. त्या ६४१० मधून ३८४० गेले की २५ क्विंटल ७० किलो कापूस निघते, एका घराची कितीतरी दिवसांची वेचणी आहे ती.

आधी एवढं करा, तुमच्या स्क्रीनवरचे दोन-तीन आकडे १६७७७२१६ नं भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर तुमचा बी रोग माझाच आहे. नाही गेला तर हेडरमधला स्ट्रक्टचा भाग, त्याच्या वरच्या प्रॅग्माच्या ओळी आणि वहीतले दोन्हीकडचे आकडे इथं टाका, मी रात्री लाईन आली की पाहतो.